गळक्या बांधाची मोहीम

दात केशरी, शेपूट चपटे. मेंढ्या एकशे चाळीस. दहावीचे वेळापत्रक, शाळेच्या दारावर डकवलेले. खताच्या रिकाम्या गोण्या.

लिंबागणेशाच्या अलीकडे ओढ्यावर जे युद्ध जाहले, त्याची हकीकत साद्यंत लिहिली आहे ऐसी.

सटवा मेंढपाळ म्हणजे एकशे चाळीस मेंढ्यांचे सरलष्कर. ओढ्याचा डोह माघात आटे आणि मग सरलष्कर सहकुटुंब माजलगावाकडे पाण्यामागे कूच करीत. यंदा कन्या सुकन्या दहावीस, पेपर फाल्गुनात. डोह आटला तर परीक्षा बुडाली, ऐसा पेच पडला.

तेव्हा विज्ञानाच्या यशोधरा मॅडम यांनी मसलत मांडली की, परमुलखी बीव्हर नामे केशरी दातांचे, चपट्या शेपटीचे जनावर फांद्या-चिखलाचा बांध घालते, आणि मग पाणी मंदावून जमिनीत मुरते, कडेला दलदल होऊन बेडूक, मासे, पाखरे वस्तीस येतात आणि ओढा उन्हाळ्यातही झिरपतो. आपल्या मुलखी ते जनावर नाही, सबब त्याची चाकरी आपण करावी. मात्र बांध त्याच्यासारखाच गळका ठेवावा, ऐसा सक्त हुकूम जाहला. हुकुमाबरहुकूम श्रावणात बांध उभा राहिला.

ओढ्यालगतचे शेतकरी भागवतराव यांस हे सोसेना. "मॅडम, गळका बंधारा म्हंजी गावाची अब्रू हाय. पाव्हणे हसतील की!"

मग भाद्रपदात, मॅडम बीडास गेल्या असता, भागवतरावांनी खताच्या गोण्यांत वाळू भरून बांध ऐसा बुजवला की मुंगीस वाट उरली नाही. आश्विनात परतीचा पाऊस आला आणि पाणी तटले आणि बांध गोण्यांसुद्धा वाहून गेला. शिकस्त जाहली.

तेव्हा सरलष्कर प्रथमच बोलते जाहले. "भागवतराव, माझ्या मेंढवाड्याचं काट्याचं कुंपण बगा. वारं आरपार जातंय. पर लांडगा?"

"न्हाई."

"भिंत आसती तर वाऱ्यानं कवाच पडली आसती."

"हे आदी कावून न्हाई सांगितलं बे?"

"तुमी कुटं इचारलं?"

मग मेंढवाड्याच्या रीतीने बाभळीची फांदी फांदीत अडकवून बांध विणला, बुडाशी चिखल लिंपला आणि त्यावरून समस्त मेंढ्या दोन दिवस फिरवून तो खुरांनी ठोकला. बांध गळत राहिला. भागवतराव रोज येत, गळती पाहत आणि मान फिरवून जात.

माघ गेला. डोहात गुडघाभर पाणी, काठी लव्हाळे, लव्हाळ्यांत दोन पाणकोंबड्या ठाणे देऊन. फाल्गुनात सुकन्या शेवटचा पेपर देऊन घरी चालत आली, तेव्हा फौज डोहावर पाणी पीत होती. फत्ते जाहली, दफ्तरी दाखल केली असे.

लहानपणी खुद्द सटवाची चौथीची परीक्षा राहिली, त्या साली डोह पौषातच आटला होता.