भिडस्त गुंड्या आणि अस्वलकाकूंची चॉकलेट बर्फी

एका जंगलात, बाळांनो, अस्वलकाकूंनी नवी गुहा घेतली. टू-बीएचके, नदीकडे तोंड, आणि मधाचं पोळं हाकेच्या अंतरावर. म्हणजे विचार करा. काकूंनी वास्तुशांत ठेवली आणि शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं.

जेवण झकास झालं. मग काकूंनी ताटलीतून बर्फी आणली. साधी नाही हं, डार्क चॉकलेटची. काकूंचा ऑनलाइन क्लास नुकताच संपला होता, त्यामुळे सुटका कुणाचीच नव्हती.

पाहुण्यांत गुंड्या नावाचा कुत्रा होता. वजन आठ किलो. स्वभाव इतका गोड, की शेपटीवर कुणी पाय दिला तर हाच सॉरी म्हणायचा.

"काकू, मला नको," गुंड्या म्हणाला. "कुत्र्यांना चॉकलेट म्हणजे विष. डॉक्टर टिटवीताईंनी सांगितलंय."

काकूंचा चेहरा पडला. "अरे, घरी केलंय. बाहेरचं आहे का?"

"तसं नाही हो. आम्हाला ते पचतच नाही. छाती धडधडते, झटके येतात."

"एवढंसं घे. एवढ्याशाने काय होतंय?"

आता वास्तुशांतीला जाऊन भांडण कोण करणार? गुंड्याने एवढंसं घेतलं.

ते हरीणमावशींनी पाहिलं. "काकूंच्या हातचं चालतं, माझ्या हातचं नको होय रे?"

घेतलं. मग कोल्हेभाऊजी आले. "डाएट का पैलवान?" तेही घेतलं. माकडाने फोटोसाठी भरवलं. फोटो हलला, म्हणून पुन्हा भरवलं. रानडुक्करआजोबांनी तर गळ्याची शपथच घातली.

थोड्या वेळाने गुंड्या गुहेत गोल गोल पळायला लागला.

"बघा, किती खूश आहे," काकू म्हणाल्या.

मग त्याचे पाय थरथरले आणि तो धाडकन आडवा झाला. तेव्हा कुठे टिटवीताईंना फोन गेला. त्या पाच मिनिटांत उडत आल्या.

"किती खाल्लंय? खरं सांगा. त्यावर औषध ठरतं. उशीर झाला तर हा जाईल."

"एवढंसं," मावशी म्हणाल्या.

"मी पण एवढंसंच दिलं," भाऊजी म्हणाले.

"एवढंसं म्हणजे किती? अख्खी बर्फी की तुकडा?"

सगळे चोरून काकूंकडे बघायला लागले. इकडे गुंड्याचे डोळे पांढरे व्हायला लागले.

शेवटी आजोबांनी खाकरून घेतलं. "अख्खी दिली. मला जाईना. कडूजहर होती."

बाळांनो, मग काय, धरणच फुटलं.

"मी पण अर्धी दिली. जिभेवर ठेववेना," मावशी म्हणाल्या.

"मी तर माझी देऊन शिवाय मावशींची उरलेली पण दिली," भाऊजी म्हणाले.

"फोटो हललाच नव्हता," माकड म्हणालं.

काकू ऐकत होत्या. तोंड एवढंसं झालं होतं. पण टिटवीताईंना आकडा मिळाला. त्यांनी सुई टोचली, गुंड्याने नव्या कोऱ्या गालिच्यावर सगळं ओकून टाकलं, वर काळं औषध प्यायला आणि दोन दिवस सलाइनवर पडून राहिला. वाचला, बरं का.

आठवड्याने सगळी मंडळी त्याला भेटायला गेली. काकूंच्या हातात डबा होता.

"बरा झालास, आता तोंड गोड कर. या वेळी साखर दुप्पट घातलीय. कडू म्हणून दाखव."

"काकू, नको."

"एवढंसं."

"काकू, मी मरत होतो."

"म्हणून तर एवढंसंच देतेय ना."

गुंड्या आयुष्यात पहिल्यांदा गुरगुरला. काकूंचा पंजा तरी पुढे येतच राहिला. मग तो चावला. फार नाही, एवढंसं.

जंगलात खळबळ उडाली. इतका गरीब कुत्रा असा कसा वागला? बैठक बसली, चर्चा झाली, आणि वडाखाली पाटी लागली: 'कुत्र्यांना चॉकलेट देऊ नये. त्याने ते चावरे होतात.'

तेव्हापासून गुंड्याला कुणीही चॉकलेट दिलेलं नाही. तब्येत ठणठणीत आहे.

तात्पर्य: प्रेमळ मंडळींना 'नको' हा शब्द ऐकू येत नाही, दात मात्र लगेच दिसतात. म्हणून बाळांनो, नम्रपणा शाळेत मार्कांपुरता ठेवा, आणि घरी रोज पाच मिनिटं गुरगुरायचा सराव करा.