मास्तरांच्या कॉर्नेटवरची अक्षरं

खंडेनवमीला वाद्याची पूजा असते, म्हणून आदल्या दिवशी शिवलीलानं सासऱ्यांचा कॉर्नेट, बँडात फुंकायचं ते पितळी वाद्य, घासायला घेतला. दरसाल ती नुसती चिंच लावायची. यंदा तो बघायला बाहेरच्या बाई येणार होत्या, म्हणून तिनं विटेची भुकटीही लावली. कॉर्नेटात तोंड दिसायला लागलं.

"अगं, कर्ण्यावरची अक्षरं कुठं गेली?" तिचा नवरा मल्लेश ओरडला.

"काळं हुतं ते सगळं निघालं की!"

मल्लेश मटकन खालीच बसला. झिजलेली ती अक्षरं नुसत्या काळ्या मळावर दिसत होती. त्याच्या वडिलांचा, रामलिंग मास्तरांचा, बँड डॉल्बीनं कधीच खाल्ला होता. दात गेले, फुंक गेली, आता छातीतली घरघर तेवढी उरली होती. आपला आजा संस्थानच्या बँडात होता आणि हा कॉर्नेट त्याचा, असं ते जन्मभर सांगत आले आणि गल्ली जन्मभर हसत आली. शहरातलं एक संगीत मंडळ जुन्या वाद्यांचं दालन उघडत होतं. तिथल्या काचेच्या कपाटात कॉर्नेट बघायचा आणि मग मरायचं, एवढंच म्हाताऱ्यानं ठरवलं होतं. पण कुठल्या सालचं ते कळल्याशिवाय मंडळ वाद्य घेत नव्हतं. साल काढायच्या राजारामपुरीतल्या अवंतिकाबाई; बघायला येणार होत्या त्या ह्याच. कर्ण्यावर कारखान्याचं नाव, पत्ता आणि मिळालेली पदकं कोरलेली असत. कारखान्यानं जागा बदलली की पत्ता बदले, पदक मिळालं की ओळ वाढे. त्यावरून बाई साल सांगत.

"रडू नगंस," मल्लेश बायकोला म्हणाला. "आकाराम हाय की. घालून आणतो परत."

आकाराम बाजारात भांड्यांवर नावं घालायचा. लग्नाच्या हंड्यांचा ढीग त्याच्यापुढं पडला होता.

"पुसल्याली अक्षरं उठवून दे," मल्लेश म्हणाला.

"कुठली अक्षरं? हितं तर कायबी न्हाय."

"हुती. नीट बघ. अप्पांची वस्तू हाय, रामलिंग मास्तरांची. तेवढीच आठवण हाय त्यांची."

"बरं, समजलं," आकाराम गंभीर झाला. "तू कोण त्यांचा?"

"मी थोरला, मल्लेश." एवढ्यात बाहेर मल्लेशच्या रिक्षातलं गिऱ्हाईक बोंबलायला लागलं आणि तो पळाला.

संध्याकाळी कॉर्नेट कागदात गुंडाळून घरी आला. उघडून बघायची कुणाची छाती झाली नाही. खंडेनवमीची पूजाही कागदासकटच झाली. दसरा झाल्यावर बाई आल्या. त्यांनी कागद काढला, भिंग लावलं आणि मग ते बाजूला ठेवलं.

"तुमचे वडील कधी गेले?" त्यांनी हळूच विचारलं.

"गेल्यात कुठं? ह्ये काय, खाटंवर हाईत," मल्लेश म्हणाला.

बाईंनी कर्णा त्याच्यापुढं धरला. त्यानं मोठ्यानं वाचलं, 'कै. रामलिंग मास्तर यांच्या स्मरणार्थ, चिरंजीव मल्लेश यांजकडून.' भोवती वेलबुट्टी होती, ती आकारामनं आपल्या मनानं घातली होती.

"पुसट राहिलं असतं तरी चाललं असतं हो," बाई कळवळून म्हणाल्या. "एखादं अक्षर दिसलं असतं तरी मी माग काढला असता. आता नेमकं त्याच जागेवर हे कोरलंय."

मास्तरांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. शिवलीला पदरानं डोळे पुसत राहिली. मल्लेशला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"अप्पा, चुकलं माझं."

"चुकलंच की!" मास्तर भिंतीशीच बोलले. "आपल्यात 'कै.' घालत्यात व्हय रं? आपण लिंगायत, मेल्यावर लिंगैक्य हुतो. 'लिं.' घालाया पायजे हुतं. बापाला मारायचं तर रीतीनं तरी मारायचं!"

बाईंना राहवेना. "एक सोय आहे," त्या चाचरत म्हणाल्या. "दिवंगत कलावंतांच्या वस्तूंचं वेगळं कपाट आहे. त्याला साल लागत नाही. पण त्याला..."

"मरावं लागतंय," मास्तर उठून बसले. "कपाट काचंचंच हाय न्हवं?"

"काचेचंच."

"मग घिऊन जावा."

"अप्पा, असलं अभद्र बोलू नगासा!" शिवलीला म्हणाली.

"बाळ, डॉल्बी आली तवाच गावानं मला पोचवलंय. तू कशाला वाईट वाटून घेतीस?"

दालन उघडलं त्या दिवशी मास्तर कोट-टोपी घालून मल्लेशच्या रिक्षातून गेले. कपाटापुढं एक अनोळखी गृहस्थ उभा होता.

"पावणं, ह्यास्नी ऐकलंय काय कधी?" त्यानं मास्तरांना विचारलं.

"थोडंफार," मास्तर म्हणाले.

"आमच्या लग्नात वाजवलंतं ह्यांनी. काय वाजवायचं म्हाराजा! असला माणूस आता व्हायचा न्हाय."

मास्तर काचेजवळ सरकले. जन्मात असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. ते खाकरले आणि म्हणाले, "त्यांचा आजा संस्थानच्या बँडात हुता म्हणं."

"असणारच की!" गृहस्थ म्हणाला. "त्याबिगर का असा हात येतोय?"

त्यानं टोपी काढली आणि काचेपुढं हात जोडले. आपणच तसं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून मास्तरांनीही टोपी काढली आणि हात जोडले.