डाव्या दाराचा स्पीकर

आमच्या शेजारच्या गुणवंतभाऊंना कुणी नवी गाडी दाखवायला आणली, की ते रंग बघत नाहीत, अ‍ॅव्हरेज विचारत नाहीत, पेढ्यालासुद्धा हात लावत नाहीत. खाली उकिडवे बसतात, दाराला कान लावतात आणि बाजारात टरबूज वाजवून बघावं तसं बोटांनी दार वाजवतात. मग तोंड वाकडं करतात.

"पुठ्ठा," म्हणतात. "कंपनीनं एवढी मोठी गाडी देल्ली, अन् गाणं ऐकाले पुठ्ठा!"

गाडीवाला बिचारा पेढ्यांचा डबा घेऊन उभाच.

पुठ्ठा म्हणजे दारातल्या स्पीकरचा कागदी पडदा. कंपनीकडून गाडीबरोबर येणारे स्पीकर म्हणजे भाऊंच्या मते माणसाची शुद्ध फसवणूक. तुम्हाला वाटेल, हा माणूस मेकॅनिक असणार. कसला मेकॅनिक! चांदूर बाजार रोडला त्यांचा मळा आहे, झेंडू, शेवंती आणि निशिगंध करतात. पहाटे फुलं मार्केटला टाकायची, झाडांना पाणी द्यायचं आणि दुपारी घरी येऊन अंगणात कुणाच्या तरी गाडीचं दार उघडं पाडायचं, असा त्यांचा दिनक्रम. दाराचं आतलं कव्हर ते स्वयंपाकघरातल्या लाकडी उलथन्यानं उचकटतात. परत बसवताना दोन-चार क्लिपा हमखास उरतात. विचारलं तर म्हणतात, "कंपनी जास्तीच्या लावते, वैनी. डब्बल खर्च."

मी रोज अमरावतीच्या साईनगरहून नांदगाव खंडेश्वरला शाळेत शिकवायला अपडाऊन करते. माझ्या जुन्या गाडीत रेडिओवर बातम्या लावल्या की ती बाई वर्षभर सर्दी झाल्यासारखी बोलायची. मला त्याचं काही नव्हतं. पण एके सकाळी भाऊंनी गल्लीच्या तोंडाशी हात आडवा केला.

"वैनी, तुमची गाडी नाकात बोलून रायली."

"भाऊ, मला शाळेत जायचं आहे, मैफलीत नाही. पहिला तास माझा आहे, सरका."

सरकले. पण जो माणूस तिसऱ्याचीही गाडी सोडत नाही, तो शेजारणीची सोडणार आहे थोडीच? पुढच्या रविवारी माझी गाडी त्यांच्या अंगणात दारं उघडून उभी होती. म्हणाले, स्पीकर बदलून भागत नाही, दाराचा पत्रा थरथरतो, त्याला आतून अस्तर पाहिजे. त्याची चिकटपट्टी बाजारात मिळते म्हणे. पण ती भाऊंना कशी पटावी? "कायले? वऱ्हाडात काय कापसाचा दुष्काळ पडला?" असं म्हणून त्यांनी साळ्याच्या वावरातला कापूस आणला आणि माझ्या दारात गादी भरावी तसा ठासला.

खोटं कशाला बोलू, आवाज सुंदर लागला. बातम्यांवाली बाई ठणठणीत बरी झाली. मी दोन दिवस उगाचच लांबच्या रस्त्यानं घरी आले.

मग आमच्या ह्यांनी पाइप लावून गाडी धुतली, एकदा नव्हे, दर रविवारी. एक दिवस शाळेत मधल्या सुट्टीत पोट्टे ओरडत आले, "म्याडम, म्याडम, तुमच्या गाडीत पराटी उगवली!" जाऊन बघते तर स्पीकरच्या जाळीतून कपाशीचे पिवळट हिरवे कोंब माना बाहेर काढून उभे. काचेच्या फटीतून पाणी आत गेलं होतं आणि कापसातल्या सरकीनं आपलं काम केलं होतं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, हे पीक कुणाच्या नावावर?" त्या दिवशी मला स्टाफरूममध्ये बसवेना.

संध्याकाळी तरातरा भाऊंच्या अंगणात गेले. म्हटलं, "हे बघा तुमचं काम!"

भाऊंनी वाकून पाहिलं. जीभ चावली. "बाप्पा! सरकी काढाची रायली." आणि लगेच चेहरा खुलला. "पण उगवण पाहा न, वैनी, कशी हाय! एक दाना वाया नाई गेला!"

आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? तरी मी आठवडाभर चिडले. त्यांनी ते कोंब हलक्या हातानं काढून कुंपणाशी लावले आणि दारात रीतसर चिकटपट्टी बसवून दिली. पाच क्लिपा उरल्या.

हा सगळा धुडगूस अंगणात चालतो, कारण घरात त्यांना करमत नाही. घरात दुसरं कुणी नाही. त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या सुमनवहिनी, अकोल्याला मुलाकडे आहेत. नातू झाला तेव्हा दोन महिन्यांसाठी गेल्या होत्या. सून बँकेत, मुलगा प्रवीण फिरतीवर, बाळाला बघायला कुणी नाही. दोनाचे चार झाले, चाराचं वर्ष झालं. आता तो नातू बॅग पाठीला लावून शाळेत जातो. भाऊंना मळा सोडून राहता येत नाही आणि वहिनींना नातू सोडून येता येत नाही. मी एकदा विचारलं, "भाऊ, घर खायला उठत असेल ना?"

"खात नाई," म्हणाले, "घुमते. रिकाम्या डब्यात कसा आवाज घुमते, तसं. भांडं पडलं त दहा वेळा ऐकू येते. आवाज खानारं कोनी पाह्यजे न घरात."

मी म्हटलं, मग अकोला काय विलायतेत आहे? उठावं, जावं. तर त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य. "काम असन त जावं, वैनी. बिनकामाचं कोनाच्या घरी जाऊ नये. लेकाच्या त नाईच नाई. सुनेले वाटन, म्हतारा जेवाले आला."

सुदैवानं काम निघायचं. प्रवीणच्या गाडीचा डाव्या दाराचा स्पीकर दर महिन्या-दोन महिन्यांनी फाटायचा. वहिनींचाच फोन यायचा. "तुमच्या पोराच्या गाडीचा तो आवाज पुन्हा फरफर करून रायला. पाहून जा." फोन आला की भाऊ इस्त्रीचा सदरा काढायचे, दाढी घोटून करायचे, मळ्यावर गड्याला सांगून मोकळे. साऱ्या अमरावतीतल्या पुठ्ठ्यांचा निकाल लावणाऱ्या माणसाला पोटच्या पोराची गाडी नीट करता येऊ नये, याची गल्लीत थट्टा व्हायची. मीही करायची.

परवा माझ्या बहिणीच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अकोल्याला होतं आणि भाऊ निघालेच होते, म्हणून मी त्यांच्या गाडीत बसले. डिकीत साड्यांची पिशवी ठेवायला गेले तर तिथे नव्या कोऱ्या स्पीकरचं खोकं. चांगलं, महागातलं. खोक्याचे कोपरे झिजलेले, वरून धुळीचा थर.

"हे कुणाचे?"

"प्रवीणचे. बसवाचे हायत."

"कधी घेतले?"

"झाले दिवस," म्हणाले आणि गाडी सुरू केली.

मुर्तिजापूर मागे पडेपर्यंत ते शेवंतीच्या भावाबद्दल बोलत होते. मला राहवेना. म्हटलं, "भाऊ, एकदाचं 'चाल घरी' म्हणत का नाही तुम्ही वहिनींना?"

भाऊंनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "मी म्हटलं त ती येईन, वैनी. तेच त भेव हाय. ती येईन, अन् तिकडं पोट्टं रडन, सून सुट्ट्या काढत बसन. ते काय मले गोड लागन? पन मले ती पाह्यजे. रोज पाह्यजे. आता या वयात हे सांगाव कोनाले?"

मी खिडकीबाहेर बघत बसले. 

प्रवीणच्या घरी पोचलो तर वहिनी फाटकातच उभ्या. "आले काय?" एवढंच म्हणाल्या.

"स्पीकर गेला म्हने."

"हो न. लय फरफर करते."

दोघांनी एकमेकांकडे धड बघितलंही नाही. साक्षगंध संध्याकाळी होतं, म्हणून मी चहाला थांबले. भाऊंनी दार उघडं पाडलं. वहिनींनी खुर्ची आणून गाडीशेजारीच मांडली, एका तळहातावर त्यांचे स्क्रू सांभाळले आणि मांडीवर नातवाची अर्धी विणलेली टोपी ठेवली. टोपीत क्रोशाची सुई खोचलेली.

"पोळ्या कोन करते?"

"मीच."

"जळत असतीन."

"एकाच बाजूनं जळते."

"तव्याची आच कमी कराव. किती वेळा सांगतलं." असं म्हणता म्हणता वहिनींनी पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला आणि मग माझ्याकडे बघून लाजल्या.

प्रवीण बाहेर आला. "बाबा, मला तर फरफर कधी ऐकू आली नाही. आईलाच येते. आणून ठेवलेले नवीन बसवून टाका ना एकदाचे."

"पाहू, पाहू," भाऊ म्हणाले. प्रवीण फोनवर बोलत आत गेला. वहिनी चहा टाकायला उठल्या.

भाऊंनी तो जुना स्पीकर बाहेर काढून माझ्या हाती दिला आणि स्वतः पातळ कागद कापायला घेतला. मी पडदा उजेडात धरला. जुनी ठिगळं होती, एकावर एक, आणि मधोमध चार-पाच नवी भोकं. फाटल्याची नव्हेत. बारीक, गोल, नेमकी. दाराच्या जाळीतून काहीतरी आत खुपसावं तशी. माझी नजर खुर्चीवरच्या टोपीकडे गेली.

"भाऊ! अहो, हा फाटलेला नाही. हा कुणीतरी भोसकला आहे!"

"हळू बोला," ते घाईनं म्हणाले. "आत ऐकू जाईन."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"पयल्याच वेळी कळलं होतं." ते कागदाला डिंक लावत होते. "तिलेबी 'या' म्हनता येत नाई, वैनी. पोराच्या घरी बसून कसं म्हनाव तिनं?"

माझे डोळे भरून आले. आतून कपबशांचा आवाज येत होता. मी आवाज खाली आणून म्हटलं, "पण मग नवे स्पीकर? ते काय डिकीतच कुजणार?"

भाऊंनी ठिगळ भोकांवर ठेवलं, अंगठ्यानं हळूच दाबलं, आणि घराच्या दाराकडे एकदा बघून घेतलं.

"नव्याचा पडदा लय कडक राह्यते, वैनी," ते म्हणाले. "तिची सुई मोडन न."