ब्याऐंशी किलोंचा उंदीर

आमच्या घरात विज्ञान कळतं ते मला! हे माझं मत नाही, सासरी सगळेच मानतात. बावीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचसामान सांभाळतोय. शास्त्रज्ञ नसलो तरी शास्त्रज्ञांच्या परीक्षानळ्या मीच धुतल्यात! त्यामुळे मेहुण्याचा खांदा आखडला तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "डॉक्टरांचा व्यायाम राहू दे. मी बघतो."

"तुम्ही म्हणाल तसं, भाऊजी," तो म्हणाला. मेहुणा रंगारी. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि छत रंगवायचं तर हात वरच लागतो. त्याचं पोट त्या एका हातावर होतं.

तीन दुपारी इंटरनेटवर घालवून मी एक पेप्टाइड हुडकून काढलं. पेप्टाइड म्हणजे, ढोबळमानानं, प्रथिनाचा छोटा तुकडा. उंदरांचे दुखावलेले स्नायू या पेप्टाइडनं म्हणे भराभर जुळतात! मागवताना संस्थेचं नाव विचारलं होतं. मी लिहिलं, 'घरगुती संशोधन केंद्र'.

तीन आठवड्यांनी खोकं आलं. आत बोटाएवढी कुपी, तळाशी चिमूटभर पांढरी पूड. ती पाण्यात विरघळवून सुईनं टोचायची. बायकोनं चष्मा लावून लेबल वाचलं.

"अहो, 'केवळ संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये,' असं लिहिलंय!"

"कायद्यासाठी लिहावं लागतं ते."

"माझा भाऊ माणूस आहे."

"म्हणून तर संशोधन म्हणायचं!"

पण किती द्यायचं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी विक्रेत्याला फोन लावला. मेहुणा समोरच बसला होता. आपलं बोलणं घरानं ऐकावं म्हणून मी स्पीकर चालू केला.

"माणसासाठी आम्ही काही सांगू शकत नाही साहेब. प्राणी कोणता?"

मी मेहुण्याकडे पाहिलं. "उंदीर."

"वजन?"

"ब्याऐंशी किलो."

"ग्रॅम म्हणायचंय का?"

"किलोच. जरा अंगानं भरलेला आहे."

मेहुण्यानं पोट आत ओढलं.

"वय?"

"त्रेचाळीस."

"दिवस?"

"वर्षं!" मेहुणाच ओरडला.

"साहेब, तुमचा उंदीर बोलला," विक्रेता म्हणाला. "मी काही ऐकलेलं नाही."

मेहुणा फोनकडे वाकला. "ज्या उंदरांचे स्नायू जुळले, त्यांचं पुढं काय झालं?"

"पुढं काय? कापून बघतात. नाहीतर आत जुळलं हे कळणार कसं?"

फोन बंद झाला. मग मेहुण्यानं डाव्या हातानं उजवी बाही वर सारली आणि खांदा माझ्यापुढे केला. "टोचा, भाऊजी."

एवढा वेळ समोर नुसती कुपी होती, आता माझ्या बायकोचा भाऊ होता. मी भ्यालो, सरळ सांगतो. कुपी खिशात घातली आणि त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी कुपी उजेडात धरली. "पेप्टाइड म्हणून वाईट काही नाही. इन्सुलिनही पेप्टाइडच. पण त्याची माणसांवर नीट तपासणी झाली, औषध म्हणून मान्यता मिळाली. याचं तसं काही झालेलं नाही. लेबलवर आहे तेच आत आहे, ते स्वच्छ आहे, याची जबाबदारी घ्यायलाही कुणी नाही."

मग त्यांनी मेहुण्याचा हात उचलून पाहिला. तो आता छातीच्याही वर येईना.

"व्यायाम केला नाहीत?"

"नाही. थांबलो होतो."

"आठवड्याभरात सुरू केला असता तर खांदा लवकर सुटला असता. आता चार महिने धरा. जास्तच."

जिन्यात मी त्याला थांबवलं. "अरे, मला नाही का म्हणाला नाहीस?"

"तुम्ही माझ्यासाठी तीन दुपारी बसलात, भाऊजी. एवढं कोण करतं? नाही कसं म्हणणार?"

"पण टोचायला खांदा पुढे केलास! लेबल ऐकूनसुद्धा?"

"वाटलं, तुम्हाला कळत असेल."

"मला यातलं काहीच कळत नाही रे," मी म्हणालो.

"ते ताई पहिल्याच दिवशी म्हणाली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, नवऱ्याबद्दल बायका बोलतातच."

आणि डाव्या हातानं कठडा धरून तो सावकाश खाली उतरू लागला.