एकसष्ट रविवारांचा बॅकअप

माझ्या हातून आजवर जे काही बिघडलं, ते मी चांगल्या हेतूनेच बिघडवलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो. परवाच्या शनिवारीही तसंच झालं. सकाळी बायको शाळेत शिकवायला निघाली आणि चपला घालता घालता म्हणाली, "मी दोनला येते. शेवटच्या प्रकरणावरून एकदा हात फिरवते आणि पाचच्या आत पुस्तक पाठवून देते. तोवर कॉम्प्युटरला हात लावू नका."

"अगं, मी कशाला हात लावतोय?"

ती नऊला गेली. सव्वानऊला मी हात लावला.

तुम्ही लगेच मला नावं ठेवाल. ठेवा. पण माझी बाजू ऐकून घ्या. आमच्या घरातल्या कॉम्प्युटर विभागाचा मी प्रमुख आहे. (नेमणूक मीच केली. दुसरा उमेदवार नव्हता.) बायको गेली तीन वर्षं त्या कॉम्प्युटरवर एका जाडजूड पुस्तकाचं भाषांतर करत होती, समुद्रकाठच्या पक्ष्यांवरचं. ते काम मूळचं तिच्या वडिलांचं. पहिली दोन प्रकरणं त्यांनी हाताने लिहून काढली आणि मग ते गेले. उरलेली एकोणीस हिने केली, शाळा सांभाळून, घर सांभाळून आणि मला सांभाळून. प्रकाशकांनी निक्षून सांगितलं होतं: शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत आलं तर यंदा छापू, नाहीतर पुढचं कुणी सांगू शकत नाही.

अशा दिवशी कॉम्प्युटर तडफदार चालावा, एवढीच माझी इच्छा होती. पडद्याच्या कोपऱ्यात गेले पंधरा दिवस एक चौकट येत होती: नवीन कर्नेल उपलब्ध आहे. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा, एवढं मला माहीत होतं. म्हटलं, बायको यायच्या आत नवा कोरा गाभा बसवून ठेवू. ती म्हणेल, आज कसं भराभर चालतंय हो!

मी 'होय'वर टिचकी मारली. कॉम्प्युटर म्हणाला, जागा अपुरी आहे, जुनं काही काढता येईल का पाहा. आता जुनं काढल्याशिवाय नवीन आणायचं नाही, हा आमच्या घरचा नियमच आहे. (तो माझ्या शर्टांवरून झालेला आहे, पण नियम तो नियम.) यादीत जुने दोन कर्नेल होते. मी दोन्ही काढून टाकले. पुन्हा 'होय' म्हटलं. बरंच काही सरसर वर गेलं आणि शेवटी लाल अक्षरात दोन-तीन ओळी आल्या. लाल शेऱ्यांना मी घाबरत नाही. आमच्या ऑफिसात प्रत्येक फायलीवर लाल शेरा असतो, तरी फाइल पुढे जातेच. मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

काळा पडदा. त्यावर पांढऱ्या ओळींची रांग आणि तळाशी शब्द: कर्नेल पॅनिक. म्हणजे मशीन घाबरलं होतं. मग मीही घाबरलो.

पुढचे साडेचार तास मी काय काय केलं, ते सांगायला लाज वाटते. बटण दाबलं. वायर काढून घातली. मागची धूळ पुसली. कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून बिस्किटाचे कण पडले, बाकी काही झालं नाही. एकदा तर मी हात जोडून "चालू हो रे बाबा" असंही म्हणालो.

"कुणाशी बोलतोयस?" आईने आतून विचारलं.

"कुणाशी नाही."

"मग रडतोयस का?"

"रडत नाहीये गं!"

(रडत होतो.)

शेवटी रीस्टार्टसाहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. हे आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणारे गृहस्थ. कसलीही तक्रार घेऊन जा, ते "रीस्टार्ट केलं का?" असं विचारतात, म्हणून हे नाव. ते त्या वेळी सलूनच्या खुर्चीत होते.

"रीस्टार्ट केलं का?"

"एकवीस वेळा केलं."

"मग जुना कर्नेल निवडा. सुरुवातीलाच यादी येते, त्यात असतो."

"तो काढला."

"त्याच्या आधीचा?"

"तोही काढला."

मागे कात्री कचकच चालू होती. "अहो," साहेब हळूच म्हणाले, "घराला दोन दारं होती. तुम्ही दोन्ही बुजवलीत आणि मग विचारताय, आत कसं जायचं?"

तेवढ्यात कडी वाजली. दोन वाजले होते.

बायको आत आली, तिने पडदा पाहिला, मग मला पाहिलं. मी काहीतरी रचून सांगणार होतो. वीज गेली होती, वगैरे. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून तोंडातून खरंच बाहेर पडलं. सगळं. कर्नेलपासून बिस्किटाच्या कणांपर्यंत.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली. "बाबांच्या वह्या मी टाइप करून झाल्यावर कपाटात ठेवल्या होत्या," ती म्हणाली, "त्या पावसाळ्यात भिजल्या. आता सगळं यातच आहे." इतकं अपराधी मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि मला त्याचा सराव आहे.

मग एकदम तिने मान वर केली. "अहो, पण बॅकअप? तुम्ही दर रविवारी घेता ना?"

आणि माझ्या छातीतून केवढा मोठा श्वास बाहेर पडला म्हणून सांगू! बॅकअप! घाबरण्याच्या नादात मी स्वतःचं कर्तृत्वच विसरलो होतो. धावत जाऊन रजिस्टर आणलं. मी आवक-जावक विभागात काम करतो, नोंद केल्याशिवाय मला चैन पडत नाही. तारीख, तपशील, सही, शिक्का. एकसष्ट रविवार, एकसष्ट नोंदी, एकही खाडा नाही.

"एकसष्ट बॅकअप आहेत!" मी फोनवरच्या साहेबांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणालो.

"वा! मग काळजीच मिटली," साहेब म्हणाले. "कशावर घेतलेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे आहेत कुठे?"

मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. (फोनवर ते दिसत नाही, हे नंतर लक्षात आलं.) "यातच," मी म्हणालो.

बायकोने डोळे मिटून घेतले.

"तुम्हीच म्हणाला होतात, बॅकअप वेगळ्या कप्प्यात ठेवा! यात एक छोटासा वेगळा कप्पा आहे, अगदी एका बाजूला. तिथे कुणी जात-येत नाही. आत ठेवायला पासवर्डसुद्धा मागतो, म्हणून म्हटलं, सुरक्षित असणार."

"थांबा, थांबा," साहेब म्हणाले, आणि सलूनवाल्यालाही थांबवल्याचं ऐकू आलं. "अहो महाराज! मशीन सुरू होताना जे सामान लागतं ना, त्याचा कप्पा आहे तो! तो तुम्ही गळ्यापर्यंत भरलात. नवीन कर्नेल आला बिचारा, पण त्याचं अर्धं सामान बाहेरच राहिलं. मशीन घाबरणार नाही तर काय!"

म्हणजे पुस्तक सुरक्षित राहावं म्हणून मी एकसष्ट रविवार ज्या निष्ठेने झटलो, त्याच निष्ठेने कॉम्प्युटरचा गळा आवळत होतो. सहीशिक्क्यानिशी.

"पुस्तक गेलं का?" बायकोने विचारलं. आवाज इतका बारीक होता की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"जायचं काय कारण? ते दुसऱ्या कप्प्यात आहे, फक्त दार उघडत नाहीये," साहेब म्हणाले. "मी ज्या पेनड्राइव्हवरून सिस्टिम टाकून दिली होती, तो लाल पेनड्राइव्ह लावा. त्यावरून मशीन चालू होईल."

लाल पेनड्राइव्ह! मी खण उपसले, कपाटं उपसली, कोटाचे खिसे उलटे केले. साडेतीन वाजले. बायको बिछान्याखाली वाकून शोधत होती. आई दारात उभी राहून आमची तारांबळ बघत होती.

"काय हरवलंय?"

"आई, एक लाल, बोटाएवढं, चपटं..." बायको म्हणाली.

आईने कमरेची किल्ली काढून पुढे धरली. "हे का? गेल्या वर्षी कचऱ्यात टाकत होता हा. मी म्हटलं, रंग छान आहे, किल्ली लगेच सापडते."

कपाटाच्या किल्लीसकट तो पेनड्राइव्ह आम्ही मशीनला लावला. साहेब सांगत गेले, बायको करत गेली. मला हात मागे बांधून उभं राहायला सांगितलं होतं. पडदा काळ्याचा निळा झाला, आणि तिने फाइल उघडली. पहिल्या पानावर तिच्या वडिलांचं पहिलं वाक्य होतं: 'ओहोटीला किनारा रिकामा दिसतो, पण तो रिकामा नसतो.' तिने ते दोनदा वाचलं आणि पदराने डोळे पुसले. मीही पुसले, शर्टाच्या बाहीने.

चार बावन्नला पुस्तक गेलं.

मग कॉम्प्युटर दुरुस्त करायचं काम उरलं. त्यासाठी तो कप्पा रिकामा करणं भाग होतं. माझे एकसष्ट रविवार मी माझ्याच हाताने एक एक करून पुसले. साहेबांनी नवा कर्नेल पुन्हा बसवायला लावला आणि मशीन निमूट चालू झालं, जणू काही घडलंच नाही.

बायकोने रजिस्टर ओढून घेतलं. बासष्टावी ओळ काढली आणि माझ्याच ऑफिसच्या भाषेत लिहिलं: 'सदर विभाग आजपासून बंद करण्यात येत आहे. विभागप्रमुखांची बदली तात्काळ प्रभावाने भांडी विभागात करण्यात येत असून त्यांनी लगेच रुजू व्हावे.' खाली सही केली. शिक्का मारला. तोही सरळ मारला, माझा कधी सरळ येत नाही.

"यावर अपील कुणाकडे करायचं?" मी विचारलं.

"आईंकडे."

मी आशेने आईकडे पाहिलं. तिने किल्ली पुन्हा कमरेला खोचली, माझ्या हातात घासणी दिली आणि म्हणाली, "कपबश्या जपून घास रे. त्यांचा तू बॅकअप घेतलेला नाहीस."