गुलाबराव आणि देवाजीची बिडी

गुलाबराव माणसाचा आधी वास घेत आणि मग रामराम करीत. नेरच्या ज्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर कारकून होतो, तिथल्या फाटकावर ते चौकीदार. आत जिकडेतिकडे कापूस, एक ठिणगी पडली तर सगळ्याची राख. म्हणून आत जाणाऱ्याने बिडी-माचिस फाटकावर जमा करायची आणि संध्याकाळी परत न्यायची, असा नियम होता. त्यासाठी गुलाबरावांकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. तो पुढे करून ते नाक वर उचलीत आणि विचारीत, "खिशात काय हाय, बाप्पा?" बाप्पा निमूट खिसा रिकामा करी.

एकदा खुद्द शेठजींपुढे डबा आला. "अरे, मी मालक आहे!" शेठजी म्हणाले.

"मालकाच्या माचिसनं कापूस जयत नाही काय जी?"

शेठजींनी सिगारेटचं पाकीट डब्यात टाकलं आणि जाताना न्यायला विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबरावांनी ते इमानदारीने त्यांच्या घरी पोचवलं आणि शेठाणीबाईंच्या हातात दिलं. शेठजी सिगारेट ओढतात, हे बाईंना तोवर ठाऊक नव्हतं.

स्वतःच्या मुलीच्या, वंदनाच्या, लग्नात तर त्यांनी कहरच केला. मांडवाच्या दाराशी हातात अत्तरदाणी घेऊन ते स्वागताला उभे होते. वऱ्हाड आलं, वरबाप पुढे झाले, आणि गुलाबरावांचं नाक आपोआप वर गेलं. "माचिस जमा करा," म्हणून त्यांनी दुसरा हात पुढे केला. वरबापांनी गडबडीत माचिस देऊनही टाकली, आणि मग आपण काय केलं ते लक्षात येऊन रुसून बसले. त्यांची समजूत काढायला मला पाठवलं. गुलाबरावांना मात्र आपलं काही चुकलं असं वाटतच नव्हतं. "मांडव बी पेटते," ते म्हणाले.

नाकाइतकंच त्यांचं तोंडही सरळ होतं. पोटात काही राहायचं नाही. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. बसस्टँडवर समोसा खाल्ला तरी घरी येऊन बायकोपुढे कबुली. "अनुसये, तुह्या भाकरीच्या आंधी मी समोसा खाल्ला." एकदा सकाळी सकाळी माझ्या दारात उभे. म्हणे, "तुमच्या झाडाचे दोन लिंबं तोडले. सांगून टाकलं का मानूस मोकया." मामला मोठा असला तर अंगणात सतरंजी पडायची, घरचे सगळे बसायचे आणि पंच म्हणून मलाही हाक यायची.

बिडी सोडली तीही सतरंजीवरच. ते स्वतः पक्के बिडीबाज होते. सकाळी आपलं बंडल आधी डब्यात टाकत आणि संध्याकाळी सुटी झाली की फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली देवाजी फिटरबरोबर बसून ओढत. एकट्याने बिडी ओढणारा माणूस त्यांना भुतासारखा वाटायचा. वंदनाला सासरी, बोरी अरबला, मुलगा झाला आणि तिने सुनावलं, "बाबा, बिडीच्या तोंडानं माह्या पोराचा पापा घ्याचा नाही." गुलाबरावांनी सतरंजी टाकली, जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात टाकलेलं बंडल कधी परत घेतलंच नाही. तरी संध्याकाळी देवाजीजवळ बसायचे. तो ओढायचा, हे नातवाच्या गोष्टी सांगायचे. नातू आला की त्याच्या गालाचा असा काही मुका घेत की पोरगं किंचाळायचं. अख्खी गल्ली हसायची.

मग ती वाईट वर्षं आली. कापसात अळी, बाजारात भाव नाही. जिनात येणाऱ्या कापसाच्या बैलबंड्या कमी होत होत बंदच झाल्या. शेठजींनी मशिनी थांबवल्या, मला बाजारातल्या त्यांच्या दुकानात बसवलं. मजूर कुठे कुठे पांगले. देवाजी पुण्याला पोराकडे गेला. मशिनी राखायला तेवढे गुलाबराव उरले. ते रोज वेळेवर जायचे, डबा घेऊन फाटकावर बसायचे.

संक्रांत जवळ आली तशी एक दिवस अनुसयाकाकू कुंपणापाशी आल्या. चेहरा उतरलेला. "भाऊ, यायची तब्येत पाहा बरं. लय दिस झाले, मले काहीच सांगतलं नाही यायनं. ना समोसा, ना लिंबू."

माझ्याही लक्षात आलं होतं. जो माणूस जगाचा वास घेत फिरायचा तो आता चार हात लांबून बोलत होता. तोंडात सदा लवंग. कधी पेरूची पानं चघळत, कधी कच्चा कांदा. मी जवळ गेलो की वारा कुठून वाहतो ते पाहून जागा बदलत. मला हसू आलं. त्यांच्याच खिशापुढे डबा धरणारं कोणी नव्हतं, एवढंच.

संक्रांतीला वंदना आली. पोरगं धावत आजोबांकडे गेलं, तर आजोबा हात मागे बांधून तुळशीपाशी सरकले. पोराने हात पसरले. आजोबांनी मान फिरवली. पोराने भोकाड पसरलं, वंदना ओरडली, "बाबा, त्याले घेत काहून नाही?"

गुलाबरावांनी तोंडातली लवंग थुंकली. मग म्हणाले, "अनुसये, सतरंजी टाक. भाऊले बलाव."

सगळे बसलो. ते उभेच. "मी बिडी वढली," ते म्हणाले. "एकडाव नाही. लयदा."

वंदना लालबुंद झाली. "कोनाच्या नादी लागले तुमी? कोनासंगं वढली?"

"कोनासंगं नाही, पोरी. तेच त सांगून राह्यलो. एकटाच होतो."

ते खाली पाहून सांगू लागले. "देवाजीचं बंडल डब्यात राह्यलं. अजून चार जनायचं बी हाय. रोज संध्याकाई मी डबा उघडून बसतो. वाटते, घ्याले येतीन. कोनीच येत नाही. एक रोज वास घेतला, त जीन चालू असल्यावानी वाटलं. देवाजी बाजूले बसला असल्यावानी. मंग पेटवली. त्याचीच. त्याले न इचारता." आणि आवाज आणखी खाली नेऊन म्हणाले, "म्हंजे चोरी बी झाली."

ही चोरी त्यांना बिडीपेक्षा जास्त लागली होती. मी पंच, मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

वंदनाने डोळ्यांना पदर लावला. मग एकदम दरडावून म्हणाली, "जा, आंधी तोंड धुवा, गुयन्या करा. पापा मिळनार नाही. बिडी सुटेस्तोवर नुसता मांडीवर घ्या." गुलाबराव न्हाणीकडे जवळजवळ पळालेच. अनुसयाकाकू सतरंजीची घडी घालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काट्याची वजनं आणायला जिनात गेलो. फाटकावर गुलाबराव, मांडीवर डबा. समोरून काकू येत होत्या, हातात भाकरीचं गाठोडं आणि शिवायला घेतलेली वाकळ. इतक्या वर्षांत त्या जिनाकडे कधी फिरकल्या नव्हत्या. फाटकाशी आल्या तसं गुलाबरावांचं नाक सवयीने वर गेलं. डबाही पुढे झाला.

काकूंनी कमरेची तंबाखूची डबी काढली. त्या तंबाखू खातात हे मला माहीत नव्हतं. त्या नाकाला मात्र माहीत असणारच, आणि गुलाबरावांनी पोटात ठेवलेली ती एकच गोष्ट असावी. खायच्या तंबाखूने काही आग लागत नाही, ती कोणी कधी जमा करत नव्हतं. काकूंनी डबी डब्यात ठेवली आणि कडुलिंबाखाली, देवाजीच्या जागी, वाकळ शिवायला घेऊन बसल्या.

गुलाबरावांनी झाकण लावलं. दोन्ही हातांनी नीट दाबलं.

"संध्याकाई घेऊन जाजो," ते म्हणाले. "आठवनीनं."