मामांची नळदुरुस्ती शून्य

माणसाला काय येतं, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. त्यासाठी कागद लागतो. जगाला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आमच्या इमारतीला गेल्या वर्षी कळलं.

झालं असं, की आमच्या सचिवांच्या मुलीकडे रविवारी दुपारी तिच्या मैत्रिणी एक खेळ खेळायला जमतात. खेळात प्रत्येकीने एक सोंग घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. प्रत्येक सोंगाचं एक पत्रक, त्यावर सहा गुण: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. खाली कौशल्यं: कुलूप उघडणे, भिंत चढणे, खोटं बोलणे वगैरे. प्रत्येकापुढे आकडा. काही करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात कौशल्याचा आकडा मिळवायचा. बेरीज पुरेशी आली तर भिंत चढलात, नाही तर पडलात.

सचिव दारात उभे राहून हे दोन तास बघत होते. (शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, एक तर बसा, नाही तर जा.") ते गेले आणि त्यांनी परिपत्रक काढलं. इमारतीतलं कोणतं काम कुणी करायचं, यावरून होणारी भांडणं कायमची मिटवण्यासाठी रहिवासी व कर्मचारी अशा सर्वांनी पत्रक भरावं. कौशल्यांसाठी माणशी दहा अंक. ते हवे तसे वाटावेत. भरलेलं पत्रक बदलता येणार नाही. फासा सचिवांकडे राहील.

या उपक्रमातून फार मोलाची माहिती हाती आली. बेचाळीस घरांपैकी एकतीस कर्त्या पुरुषांनी आपलं शहाणपण अठरा, म्हणजे कमाल, लिहिलं. (उरलेल्या अकरा जणांची पत्रकं त्यांच्या बायकांनी भरली होती.) बुद्धी आणि शहाणपण यांत फरक काय, अशी विचारणा झाली तेव्हा सचिवांनी लेखी खुलासा केला: बुद्धी म्हणजे सभेतला विषय कळणे, शहाणपण म्हणजे सभेला न येणे. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी 'छाप' पुढे अठरा लिहून शेजारी 'किमान' असं जोडलं. 'समजावून सांगणे' या कौशल्याला सर्वांत जास्त अंक पडले. 'ऐकून घेणे' याला इमारतभर मिळून दोन.

आणि नळवाले मामा. ते आमचे प्लंबर. पंपाच्या खोलीची किल्ली सव्वीस वर्षं त्यांच्या कमरेला. त्यांनी दहाचे दहा अंक 'पोहणे' यावर टाकले.

"मामा, नळदुरुस्तीपुढे काहीच नाही?" सचिवांनी विचारलं.

"ती येतेच की," मामा म्हणाले. "येतंय त्यावर अंक कशाला घालवू? पोहायचं तेवढं राहून गेलंय. म्हटलं, कागदावर मागायला काय जातं!"

सचिवांनी 'नळदुरुस्ती: शून्य' अशी नोंद केली. किल्ली नियमानुसार त्या विषयात सर्वाधिक अंक असलेल्या माणसाकडे गेली. ते दातांचे डॉक्टर निघाले, आठ अंक. (उरले होते, कुठे तरी टाकायचे म्हणून.) मामांना पत्र गेलं, की महिनाअखेरीपर्यंत कौशल्य सिद्ध न झाल्यास सेवा संपेल. आता सिद्ध करायचं तर नळाला हात लावायला हवा, आणि शून्यवाल्याने नळाला हात लावायचा नाही. नियमावली दोन्ही बाजूंनी भक्कम होती.

"सव्वीस वर्षांत 'तुम्हाला येतं का' असं कुणी विचारलं नाही हो," मामा मला म्हणाले. "पाणी येतंय का, एवढंच विचारायचे."

मी त्यांना समजावून सांगितलं. (माझे त्यात सहा अंक आहेत.)

मंगळवारी सकाळी आठ वाजता पंपाच्या खोलीत मुख्य पाइप सांध्यात फुटला. सगळी इमारत तळघराच्या जिन्यावर गोळा झाली, काही जण डोक्याला साबण लावूनच. सचिवांनी कामाची काठिण्यपातळी पंधरा ठरवली आणि फासा टाकला. तीन पडले. तीन आणि आठ अकरा. डॉक्टरांनी तरीही पाना फिरवला आणि पाण्याची धार दुप्पट झाली. पद्धत किती अचूक आहे, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिलं.

मामा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. "साहेब, तो व्हॉल्व्ह उलटा बंद होतो. मीच बसवलाय."

"मामा, आपल्याला या विषयात शून्य आहे," सचिव म्हणाले.

"बाबा, खेळ आहे हो तो!" त्यांची मुलगी ओरडली. "जाऊ द्या ना मामांना!"

"खेळ असता तर जाऊ दिलं असतं."

नियमानुसार पुढचा प्रयत्न तासाभराने होता. पण पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं, सचिव घसरले आणि फासा पाण्यात पडला. आता तर काहीच ठरवता येईना. बेचाळीस घरची माणसं वाकून गढूळ पाण्यात फासा चाचपडू लागली. डॉक्टरांना एक सापडल्यासारखा वाटला, तो साबण निघाला.

तेवढ्यात पाणी थांबलं. व्हॉल्व्हपाशी मामा हात पुसत उभे होते.

अहवालात सचिवांनी लिहिलं: 'फासा उपलब्ध नसल्याने कोणाचाही प्रयत्न नोंदवता आला नाही. पाणी आपोआप थांबले.' त्यावर मीही सही केली. महिनाअखेरीला मामांची सेवा संपली. पंपाच्या खोलीत त्यांनी डॉक्टरांसाठी भिंतीवर खडूने एक बाण काढून ठेवला होता. तो आम्ही अनधिकृत म्हणून पुसला.

हल्ली मामा घरोघरी कामं घेतात. फोनवरच्या कारागीर बोलावायच्या ॲपमध्ये त्यांचं नाव दिसतं. नवीन असल्यामुळे तारे अजून शून्य. तुम्ही आमच्या सचिवांना हसत असाल, खुशाल हसा. पण परवा तुमच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता तेव्हा हे नाव तुमच्या बोटाखालून गेलं, आणि तुम्ही पावणेपाच ताऱ्यांचा माणूस बोलावलात. नळ अजून गळतोय म्हणे. पण तो माणूस तारे घेतल्याशिवाय दारातून हलेना, म्हणून तुम्ही त्याला पाचपैकी पाच दिलेत.